आरंभ कशाला म्हणावे?

शाळामास्तराचा अर्धा जन्म लाल शाई खर्चण्यात जातो आणि उरलेला अर्धा, ती कोठे कोठे चुकीची खर्चली याचा हिशेब करण्यात. मी मुलांना इंग्रजी शिकवतो. परंतु माझे स्वतःचे शिक्षण, जुन्या भाषेत सांगावयाचे तर, मॅट्रिकच्या पुढे गेलेले नाही. दोन-तीन कादंबऱ्या छापून आल्या म्हणून गावात थोडे नाव आहे, आणि शब्दकोशाची पाने उलटण्याची खोड लहानपणापासून आहे म्हणून वर्गात कसाबसा निभाव लागतो. तेव्हा पुढे जे लिहिणार आहे त्याला वाचकांनी भाषापंडिताचे विवेचन समजू नये. ती एका चुकलेल्या लाल रेघेची हकीकत आहे. त्या रेघेमुळे मला थोडा इतिहास वाचावा लागला, एवढेच.

नववीच्या सहामाही परीक्षेत मी इंग्रजीचा एक उतारा घातला होता. विषय आमच्या बाजूचाच : हेमलकशाचा लोक बिरादरी प्रकल्प. पुण्या-मुंबईच्या वाचकांना हे नाव आता अपरिचित राहिलेले नाही. चंद्रपूरहून बल्लारपूर, आलापल्ली असे करीत पूर्वेकडे सरकावे, आलापल्लीपासून आणखी साठ-पासष्ट किलोमीटर सागाच्या नि बांबूच्या रानातून जावे, आणि भामरागड यावयाच्या थोडे अलीकडे थांबावे, म्हणजे हेमलकसा. उताऱ्यात लिहिले होते की हा प्रकल्प १९७३ साली 'फाउंडेड' झाला. खाली मी प्रश्न विचारला होता, हेमलकशाचे काम केव्हा 'बिगिन' झाले? उत्तर सरळ होते. सदतीस मुलांनी १९७३ लिहिले आणि मी सदतीस वेळा बरोबरची खूण केली.

अडतिसावी एक मुलगी होती. भामरागडकडची, माडिया घरातली. शिकण्यासाठी आमच्या गावी वसतिगृहात राहणारी. तिने इंग्रजीत दोन वाक्ये लिहिली होती. त्यांचा मराठी अर्थ असा : '१९७३ साली त्याची स्थापना झाली. लोक आले तेव्हा ते सुरू झाले.' दुसरे वाक्य उताऱ्यात कोठेच नव्हते. मी त्याच्याखाली लाल रेघ ओढली, 'उताऱ्याबाहेरचे' असा शेरा मारला आणि अर्धा गुण कापला.

पेपर वाटल्यावर ती टेबलापाशी आली. आमच्याकडची मुले गुणांसाठी फारशी भांडत नाहीत. तीही भांडली नाही. म्हणाली, "सर, उताऱ्यात फाउंडेड आहे. तुम्ही बिगिन विचारलं. दोन्ही एकच असतं का?"

"अर्थ एकच," मी म्हणालो.

"मग दोन शब्द कशाला ठेवले?"

मी तिला जागेवर बसावयास सांगितले. उत्तर येत नसले म्हणजे मास्तर असेच करतो. परंतु त्या रात्री कोश काढला, आणि पुढे पुष्कळ रात्री तो मिटला नाही.

इंग्रजी भाषेच्या घरात आरंभाची किती भावंडे नांदतात हे पाहिले म्हणजे आपण थक्क होतो. 'बिगिन' हा त्यांच्यातला घरचा, जुना, जर्मानिक कुळातला शब्द. 'स्टार्ट'ही जुनाच, पण त्याचा मूळ अर्थ सुरू करणे असा नव्हताच. उसळणे, दचकून उडी घेणे, हा त्याचा पहिला अर्थ. झुडपातून ससा उठावा तसे उठणे. सुरुवातीचा अर्थ त्याला फार उशिरा चिकटला. म्हणून आजही मोटार 'स्टार्ट' होते, 'बिगिन' होत नाही. थांबलेली वस्तू झटक्याने हलली पाहिजे, तरच तो शब्द शोभतो. 'कमेन्स' आला फ्रेंचांकडून, आणि आल्यापासून तो कायद्याच्या नि समारंभाच्या कचेरीत नोकरीला आहे. आपली राज्यघटना २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारली गेली. परंतु तिचा 'कमेन्समेंट'चा दिवस २६ जानेवारी १९५०. लिहून झालेली, सह्या व्हावयाची असलेली, थोडी अमलात आलेलीही वस्तू पूर्णपणे अमलात केव्हापासून आली हे सांगण्याचे काम या शब्दाचे.

'इनॉगरेट' या शब्दाची कुळकथा अधिक गमतीची. रोमन लोकांत पक्ष्यांच्या उडण्यावरून शकुन सांगणारे अधिकारी असत. त्यांना 'ऑगर' म्हणत. त्यांनी आकाशाकडे पाहून होकार दिला म्हणजे कार्यास हात घालावयाचा. म्हणजे फीत कापणारे आजचे पाहुणे हे त्या शकुनवंतांचे वारस होत. 'इनिशिएट'च्या पोटात लॅटिनमधील आत जाण्याची कल्पना आहे. आपण ज्याला दीक्षा म्हणतो ती. आणि 'फाउंड' म्हणजे तळ घालणे, पाया भरणे. या शेवटच्या शब्दाने तर मुलांची दरवर्षी फजिती होते. 'फाइंड' म्हणजे सापडणे, त्याचा भूतकाळ 'फाउंड'. आणि 'फाउंड' म्हणजे स्थापणे, त्याचा भूतकाळ 'फाउंडेड'. सापडणे आणि स्थापणे यांत इंग्रजीने एका प्रत्ययाचे अंतर ठेवले आहे. ते प्रत्यक्षात केवढे असते हे पुढे येईलच.

इंग्रजांची श्रीमंती पाहून आपण दिपून जाण्याचे मात्र कारण नाही. मराठीची पेटी उघडा. 'आरंभ' शब्दात संस्कृतचा धरणे या अर्थाचा धातू आहे. आरंभ म्हणजे काम हातात धरणे. आमचा शेतकरी पेरणीला लागतो तेव्हा 'चाड्यावर मूठ धरली' म्हणतो. त्याने धातुकोश पाहिलेला नसतो, तरी नेमका तोच अर्थ त्याच्या मुठीत असतो. 'सुरुवात' अरबी मुलखातून आली आणि इतकी घरची झाली की तिला परकी म्हटले तर लोक रागावतील. 'उद्घाटन' म्हणजे उघडणे. 'स्थापना' म्हणजे उभे करणे. घटाची, मूर्तीची, संस्थेची. 'पायाभरणी', 'कोनशिला', 'भूमिपूजन' हे गवंड्याच्या नि भटजीच्या संगनमताने झालेले शब्द. शाळेच्या पाटीवरून 'श्रीगणेशा' आला आणि 'ओनामा' आला. नाटकवाल्यांनी 'नांदी' दिली. आणि या सगळ्या सोहळ्यांवर डोळा ठेवणारी म्हणही आपणच केली : नमनाला घडाभर तेल.

याखेरीज एक शब्द असा आहे की त्याचा जोडीदार इंग्रजीत मला आढळला नाही. तो म्हणजे 'आरंभशूर'. हा शब्द उच्चारला की मी स्वतः थोडा खाली पाहतो. माझ्या पेटीत चार कादंबऱ्यांची पहिली प्रकरणे आहेत. त्यांतील एकीचे तर पहिले प्रकरण तीनदा लिहून झाले आहे. संस्कृत सुभाषितकाराने सांगितलेच आहे की काम मुळी आरंभूच नये हे शहाणपणाचे पहिले लक्षण, आणि आरंभलेले शेवटास न्यावे हे दुसरे. मला दोन्ही साधली नाहीत.

माझे एकट्याचेच असे आहे असेही नव्हे. मी ज्या गावात लहानाचा मोठा झालो तेथे एक वाचनालय आहे. आहे म्हणजे त्याची कोनशिला आहे. पाहुणे आले होते, नारळ फुटला होता, आम्हां मुलांना पेढा मिळाला होता आणि मी स्वागतगीतात उभा होतो. दगडावर तारीख ठळक कोरलेली आहे. दाराला लागलेले कुलूप मात्र त्यानंतर मी कधी निघालेले पाहिले नाही. उद्याच्या इतिहासकाराने गावाचा इतिहास दगडावरून लिहिला तर तो लिहील, या गावात अमुक साली वाचनालय सुरू झाले. त्याचे काय चुकले? काहीच नाही. फक्त त्याने 'उद्घाटन' या शब्दाचे भाषांतर 'सुरू झाले' असे केले. मी त्या मुलीच्या पेपरात हेच केले होते.

आता हेमलकशाकडे वळू. कारण या शब्दांची खरी परीक्षा तेथेच होते.

हेमलकशाचा प्रकल्प ज्यांनी उभारला त्या बाबा आमट्यांच्या आधीच्या कामापासून पाहणे बरे. वरोऱ्याजवळचे आनंदवन केव्हा सुरू झाले? महारोगी सेवा समिती स्थापन झाली १९४९ साली. आनंदवनाच्या खडकाळ माळावर वस्ती झाली १९५१ साली. सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि गाठीला चौदा रुपये, ही त्या वेळची शिदोरी प्रसिद्धच आहे. बरोबर साधनाताई आणि दोन लहान मुले. उद्घाटन विनोबांच्या हस्ते झाले. म्हणजे स्थापना एका सालची, मुठीत धरणे दुसऱ्या सालचे. येथेच दोन शब्दांना दोन साले मिळाली.

हेमलकशाच्या बाबतीत पायऱ्या आणखी वाढतात. १९७० च्या सुमारास बाबा आपल्या मुलांना घेऊन भामरागडच्या रानात गेले होते. भामरागडला पामुलगौतम, पर्लकोटा आणि इंद्रावती या नद्या एकत्र येतात. स्थळ रम्य आहे. सहलीस जाणाऱ्याने नदी पाहावी आणि परतावे. बाबांच्या नजरेला पडली ती माणसे. अंगावर पुरते वस्त्र नाही, पोटात पुरते अन्न नाही, आणि परका माणूस दिसताच रानात पळून जाणारी. इंग्रजी 'स्टार्ट'चा जुना अर्थ मी वर सांगितला. हेमलकशाच्या कथेतला पहिला 'स्टार्ट' हा असा होता : माडियांचे दचकणे. भीती उगाच नव्हती. बाहेरून जो आला तो आजवर काही नेण्यासाठीच आला, हा त्यांचा पिढ्यांचा अनुभव होता. बाबांना त्या दिवशी जागा सापडली. स्थापावयास आणखी तीन वर्षे लागावयाची होती. 'फाउंड' आणि 'फाउंडेड' यांतले अंतर ते हे.

या लोकांसाठी काम करावे असे बाबांच्या मनाने घेतले. धाकटा मुलगा प्रकाश तेव्हा नागपूरला वैद्यकीचे शिक्षण घेत होता. त्याने तेथे जाण्याची तयारी दाखविली. या पायरीला आपल्याकडे 'संकल्प' हा नेमका शब्द आहे. पूजेच्या आधी हातात पाणी घेऊन ते सोडतात, तो संकल्प. पाणी सोडले म्हणजे पूजा झाली असे कोणी समजत नाही. परंतु सोडलेले पाणी परत हातात घेताही येत नाही.

मग २३ डिसेंबर १९७३. ही लोक बिरादरी प्रकल्पाच्या स्थापनेची तारीख. कुतूहल म्हणून मी पंचांगाचे गणित मांडून पाहिले. दिवस रविवार, तिथी मार्गशीर्ष वद्य चतुर्दशी, आणि उजाडता अमावास्या! मुहूर्त पाहून कार्यास लागणाऱ्या गृहस्थाने हा दिवस स्वप्नातही धरला नसता. रोमन शकुनवंतानेही बहुधा मान हलविली असती. बाबांचा एकोणसाठावा वाढदिवस तीन दिवसांवर होता. आणि योगायोग असा की प्रकाशरावांचा पंचविसावाही त्याच दिवशी, २६ डिसेंबरला. साठीच्या उंबरठ्यावरच्या माणसाने नवा पाया भरावयास घ्यावा, आणि तो पुढे वाहावयाचा पंचविशीच्या पोराने. हेमलकशाचे वर्ष म्हणून उताऱ्यांतून छापले जाते ते हेच.

परंतु त्या दिवशी तेथे काय होते? जमीन होती आणि जंगल होते. डॉक्टर प्रकाश आणि डॉक्टर मंदाकिनी हे दांपत्य तेथे राहावयास गेले १९७४ साली. त्यांनी शस्त्रक्रियेचे पदव्युत्तर शिक्षण मध्येच सोडलेले, मंदाताई भूलतज्ज्ञ. दारे नसलेल्या झोपडीत संसार. वीज नाही, पावसाळ्यात रस्ता नाही, नद्या फुगल्या म्हणजे जगाशी संबंध नाही. काम हातात धरणे म्हणजे आरंभ, या अर्थाने आरंभ झाला तो या वर्षी. दोन डॉक्टर तयार होते, औषधे होती, मन होते. नव्हता तो रुग्ण.

हे वाक्य मला जरा थांबून वाचावेसे वाटते. दवाखाना आहे आणि रुग्ण येत नाही. रोग नव्हता म्हणून नव्हे. हिवतापाने नि उपासमारीने माणसे मरत होती. परंतु आजार म्हणजे दैवाचा कोप, त्याला उतारा भगताकडे. आणि हे गोरेगोमटे परके लोक कोण, कशासाठी आले, आपल्याकडून काय नेणार, हा प्रश्न प्रत्येक कुडामागे. शिवाय भाषा. माडिया ही द्राविड कुळातली भाषा; मराठीच्या जोरावर तिच्यातले 'पोट दुखते' एवढेही कळावयाचे नाही. नाडी पाहता येणाऱ्या दोन पदवीधरांना मूल जसे शब्द गोळा करते तसे शब्द गोळा करीत बसावे लागले.

त्याच काळात डॉक्टरांनी अंगावरचे कपडेही कमी केले. कडाक्याच्या थंडीत उघड्या अंगाने कुडकुडणारी माणसे समोर, आणि आपण उबदार कपड्यांत. हे त्यांना सोसेना. तेव्हापासून अर्धी चड्डी आणि बनियन हा त्यांचा वेष झाला, आणि पुढे देशभर तो त्यांची ओळखही झाला. 'इनिशिएट'मधली आत जाण्याची कल्पना मला येथे आठवते. आपण समजतो की हेमलकशाला डॉक्टरांनी आदिवासींना काही दिले, शिकविले, दीक्षा दिली. पहिली दीक्षा उलट्या बाजूने झाली. भाषा त्यांनी घेतली, वेष त्यांनी घेतला, बसण्याची रीत त्यांनी घेतली. दार माडियांचे होते आणि आत जावयाचे होते ते डॉक्टरांना.

पहिल्या काळातील एका रुग्णाची आठवण डॉक्टर सांगतात. फेफरे येऊन आगीत पडलेला, भयंकर भाजलेला एक मुलगा. घरच्यांनी आशा सोडलेली. आशा सोडलेली होती म्हणूनच तो या परक्यांच्या हाती आला असावा, असे मला वाटते. ज्याला काही गमवावयाचे उरलेले नसते तोच प्रथम परक्याच्या दारी जातो. तो बरा झाला आणि पायांनी चालत आपल्या गावी गेला. त्याने काही व्याख्यान दिले नसेल. तो दिसला, एवढे पुरे होते. मग दुसरा आला. मग कोणी आईला पाठीवर घेऊन आला. मग चार दिवसांची वाट तुडवून लोक येऊ लागले.

'येऊ लागले.' त्या मुलीच्या दुसऱ्या वाक्याला मराठीत हेच क्रियापद लागते. आणि ज्या शब्दासाठी मी पंधरा दिवस इंग्रजी कोश धुंडाळला तो माझ्याच जिभेवर होता हे मला येथे कळले.

'लागणे' या आपल्या क्रियापदाचे वैभव मास्तर असूनही माझ्या कधी ध्यानात आले नव्हते. पाऊस पडू लागतो, मूल बोलू लागते, उजाडू लागते. यांतली प्रत्येक गोष्ट सुरुवातच आहे; पण तिचे उद्घाटन करता येत नाही, स्थापना करता येत नाही, तिच्या तारखेची कोनशिला बसविता येत नाही. आपले मूल कोणत्या दिवशी बोलू लागले हे कोणत्या आईला सांगता येते? पहिला शब्द कदाचित सांगता येईल. 'बोलू लागले' हे मागाहून एक दिवस लक्षात येते. आणि हे क्रियापद मुळात स्पर्शाचे आहे. आग लागते, भूक लागते, हाताला हात लागतो, लळा लागतो. आरंभ करणारा एकटा असू शकतो. लागण्याला दोन बाजू असाव्या लागतात.

१९७६ साली हेमलकशाला आश्रमशाळा निघाली. येथे आपला आवडता शब्द 'श्रीगणेशा' सहज सुचतो. परंतु मी तो दबकत वापरतो. पाटीवर काढावयाचे ते अक्षर त्या मुलांच्या घरच्या भाषेचे नव्हते. आपल्या मुलांना अक्षर नवे असते, पण शब्द ओळखीचा असतो. 'कमळ' कानाला ठाऊक असते, डोळ्यांना तेवढे नवे. माडिया मुलाला अक्षरही नवे आणि शब्दही नवा. अशा मुलाला एका जागी बसावयास लावणे हीच केवढी गोष्ट! ज्यांनी ती शाळा चालविली त्यांना मी, एक सामान्य मास्तर, दुरून नमस्कार करतो. त्या शाळेतून पुढे शिक्षक निघाले, डॉक्टर निघाले, वकील निघाले.

आणि एक सुरुवात तर अशी, की तिला संकल्पही नव्हता. शिकार करून परतणाऱ्या काही माडियांच्या हाती एक मेलेली माकडीण होती आणि तिच्या छातीला एक जिवंत पिल्लू बिलगलेले होते. डॉक्टरांनी ते मागून घेतले. एवढेच घडले. पुढे अस्वले आली, बिबटे आले, हरणे आली, साप-सुसरी आल्या. अनाथ प्राण्यांचे ते गोकुळ पाहावयास आज लोक लांबून येतात. ते केव्हा 'स्थापन' झाले? नदीच्या बाबतीत आपण 'उगम' म्हणतो आणि झरा दाखवितो, तसा फार तर त्या पिल्लाकडे बोट दाखविता येईल.

येथे इतिहासाचा अभ्यासक मला टोकील. तो म्हणेल, मास्तर, तारखा नकोत तर इतिहास कशाला? खरे आहे. तारीख हवीच. २३ डिसेंबर १९७३ ही तारीख नसती तर मी हा लेख कोठून उचलला असता? गडचिरोली जिल्हा चंद्रपुरापासून वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी. हेमलकसा त्या दिवसापासून नव्या जिल्ह्यात गेले. ही 'कमेन्समेंट'ची तारीख. ती कचेरीला हवी, कोर्टाला हवी. माझी तक्रार तारखेविषयी नाही. एक तारीख घेऊन तिच्याखाली सगळे आरंभ पुरून टाकण्याविषयी आहे.

त्यातही अधिक मोठा धोका आहे. 'सुरू झाले' म्हटले की त्याआधी काही नव्हते असा भास होतो. हेमलकशाचा इतिहास १९७३ पासून सुरू झाला, असे वाक्य मी स्वतः पूर्वी कोठेतरी लिहिले आहे. आज ते खोडावेसे वाटते. चांद्याला गोंड राजांचे राज्य अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत होते. मग भोसले आले, मग १८५४ साली इंग्रज. याच अहेरी-घोटच्या मुलखातल्या बाबूराव शेडमाक्यांनी इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात ते फासावर गेले. आणि या नोंदींच्याही आधी, नोंदी न ठेवणारी माणसे त्या नद्यांच्या काठी जन्मत होती, नाचत होती, मरत होती. त्यांच्या दृष्टीने १९७३ साली त्यांचे काहीच सुरू झाले नाही. काही परके लोक आले, एवढेच झाले. ते कसे आहेत हे माडियांनी दुरून पाहिले, पारखले, आणि मग जावयाचे ठरविले. ठरविणारे तेच होते. उताऱ्यात त्यांच्या ठरविण्याला एकही क्रियापद नव्हते.

यात आमटे कुटुंबाचे श्रेय उणे होते असे कोणी समजू नये. उलट मला ते वाढलेले दिसते. फीत कापून परतणे सोपे. आरंभ करून काही वर्षे टिकणेही कदाचित जमेल. परंतु आपण काम आरंभल्यावर ते 'लागेल' की नाही याची हमी नसताना, रुग्ण न येणाऱ्या दवाखान्यात बसून राहणे हे आरंभशूराचे काम नव्हे. २००८ साली डॉक्टर प्रकाश आणि मंदाकिनी यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तेव्हा पन्नास खाटांचे रुग्णालय आणि वर्षाकाठी चाळीस हजारांच्या आसपास रुग्ण, असे त्या कामाचे स्वरूप होते. त्याच वर्षी ९ फेब्रुवारीला बाबा गेले. स्थापना करणाऱ्याने 'लागलेले' डोळ्यांनी पाहिले आणि मग डोळे मिटले. हे भाग्य सर्व संस्थापकांना लाभत नाही.

सुटीनंतर शाळा उघडली तेव्हा मी त्या मुलीला बोलावले. गुण नोंदवहीत चढून गेले होते. त्यात आता फरक करता येत नव्हता. तसे मी तिला सांगितले, आणि तिचे वाक्य बरोबर होते हेही सांगितले. मग विचारले, "लोक आले तेव्हा सुरू झाले, हे तुला कोणी सांगितले?"

"कोणी नाही," ती म्हणाली. "आजी सांगते ना, आधी कोणी जातच नव्हतं. ती पण नव्हती जात. मग जायला लागली."

"केव्हापासून?"

तिने जरा विचार केला. "ते तिला नाही माहीत," ती म्हणाली, आणि मग मला समजावून दिल्यासारखी म्हणाली, "सर, तेव्हा माझे बाबा आजारी होते. लहान होते. तेव्हापासून."

मी नवे कोरे पान काढले आणि त्या दिवशी वर्गाला दोन रकाने आखावयास सांगितले. डावीकडे बिगिन, स्टार्ट, कमेन्स, इनॉगरेट, इनिशिएट, फाउंड. उजवीकडे आपले शब्द. प्रत्येकासमोर हेमलकशाची एकेक गोष्ट लिहावयाची. मुलांनी पुष्कळ जोड्या जुळविल्या. काही माझ्यापेक्षा चांगल्या. सर्वांत शेवटी मी उजव्या रकान्यात 'लागणे' लिहिले आणि डावीकडची जागा मोकळी सोडली. मागच्या बाकावरून एकाने विचारले, "सर, तिथं काय लिहायचं?"

मी म्हटले, सापडले तर सांगा. अजून कोणी सांगितलेले नाही.